सावकाश बघणारं पावणं

चित्रात सगळं होतं. जांभूळमाळाचं देऊळ होतं, देवळापुढचा दगडी कट्टा होता, पाण्याची टाकी होती आणि टाकीवर पोरांनी चुन्यानं काढलेला पैलवानसुद्धा होता. कट्ट्याखाली झोपलेलं लंगडं कुत्रं होतं, त्याचा फाटका कान अगदी स्वच्छ दिसत होता. नव्हती ती फक्त माणसं.

“आणि आपण कुठं हाय?” सरपंच रत्नाक्कांनी पडद्याला नाक लावत विचारलं.

शाळेच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेलं गाव माना उंच करून चित्रात स्वतःला शोधू लागलं. कारण आदल्या संध्याकाळी अख्खं गाव त्याच कट्ट्यापुढं उभं होतं. हात हलवत होतं, उड्या मारत होतं, घसा फुटेस्तोवर “पावणं, या!” म्हणून ओरडत होतं. आणि सगळ्यांच्या पुढे बारा वर्षांची भैरवी चौगुले लाठी फिरवत होती. तीन महिने तालमीत घाम गाळून तिनं ते हात बसवले होते. चित्रात तिच्या जागी मोकळी माती होती. भैरवीला ते बघून असा राग आला, की पडदाच ओढून काढावा!

ही गोष्ट केव्हाची ते विचारू नका, मला सनावळ्या पाठ राहत नाहीत. तुमची नातवंडं शाळेत जायला लागली असतील, असं समजा. त्या काळी पृथ्वीवर पहिलंवहिलं परग्रहावरचं पावणं आलं. पावणं म्हणजे पाहुणे. कोल्हापूरकडं तसंच म्हणतात, आणि जांभूळमाळ हे त्याच मुलखातलं एका पठारावरचं गाव. पावण्यानं येण्याआधीच निरोप पाठवला होता की, जिथं रात्री सगळ्यात कमी उजेड असेल तिथंच मी उतरेन. शहरं तर रात्रभर लखलखत असत. शोधता शोधता हेच एक गाव सापडलं. मग काय, गावाला आभाळ ठेंगणं झालं.

पावणं दिसायला हत्तीएवढं, करडं, थेट कातळ. पाय चार होते, पण ते उचललेले कुणी बघितले नव्हते. सकाळी टाकीपलीकडं असलं, तर दुसऱ्या सकाळी वीतभर अलीकडं! अंगाच्या मधोमध परातीएवढा एकच डोळा. दिवसभर तो जाड पापणीखाली मिटलेला असे. दिवस बुडून आभाळातली लाली विझली, की तो एकदाच उघडे, जरा वेळ बघे आणि परत मिटे. त्यानं जे पाहिलं त्याचं चित्र त्याच्या यानातून घरी जाई आणि एक प्रत गावाला मिळे. गावाला मिळालेलं हे पहिलंच चित्र. त्याचं बोलणं म्हणजे नुसती घुमघुम. तिचं मराठी करायला शास्त्रज्ञांनी ‘दुभाष्या’ नावाची पेटी दिली होती. या पेटीला फक्त छापील मराठी येई.

आता ती पेटी खणखणीत आवाजात म्हणाली, “या ग्रहावर वनस्पती आहेत. घरे आहेत. एक श्वान व मिशा असलेला एक पुतळा आढळला. घरे बांधणारे मात्र निघून गेलेले दिसतात. नकाशात ‘निर्जन’ अशी नोंद करण्याचा विचार आहे.”

“पुतळा?” सगळे एकदम म्हणाले.

चित्राच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. खुर्चीत तालमीचे हिंदुराव वस्ताद होते, मिशीच्या एकेका केसासकट. गावातला तेवढा एकच माणूस चित्रात उमटला होता.

“वस्ताद, तुम्ही झोपला होता!” भैरवी म्हणाली.

“कोण म्हणतंय? मी डोळं मिटून तुझं हात मोजत हुतो,” वस्ताद गुरगुरले. खोलीभर हशा पिकला, पण तो फार वेळ टिकला नाही. कारण ‘निर्जन’ म्हणजे काय, हे गावाला पाहुण्याच्या पहिल्या निरोपातच कळलं होतं. ज्या ग्रहावर अशी खूण पडेल तिथं त्याचे लोक पुन्हा म्हणून फिरकत नसत. आम्ही इथंच आहोत, असं दुभाष्यातर्फे शंभरदा सांगून झालं. त्यावर त्याचं एकच उत्तर, “मागे राहिलेली यंत्रेही बोलतात. मी पाहिलेलेच घरी कळवतो.”

रत्नाक्का ताडकन उठल्या. “माझ्या ध्यानात आलं. अंधारात त्याला दिसलंच न्हाई! पावणं घरी आलं आणि आपण दिवा लावला न्हाई, असं कुठं असतंय?”

“अक्का, थांबा जरा,” मागून गार्गीआत्या म्हणाली. ही भैरवीच्या बाबांची बहीण, प्रकाशाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. पाहुण्यासाठीच शहरातून आली होती. “त्यानं मुद्दाम अंधार मागितलाय. उजेड त्याला सोसायचा नाही.”

“मागंल तो! लाजत असंल. पावण्याला अंधारात बसवलं म्हणून उद्या सगळी पंचक्रोशी आपल्या तोंडात शेण घालंल.”

झालं! अक्कांपुढं कुणाची टाप? कुस्तीच्या मैदानाला लावतात ते भले मोठे दिवे आणले, खांबांवर चढवले. संध्याकाळी पावण्याची पापणी हलली, डोळा उघडला आणि अक्कांनी कळ दाबली. माळावर भर दुपार झाली.

पावणं कळवळून असं घुमलं, की देवळातली घंटा आपोआप वाजली. पापणी हळूहळू, फार हळूहळू मिटत गेली. त्या वेळचं चित्र आलं ते कोरं पांढरं. देऊळ नाही, टाकी नाही, काही म्हणजे काही नाही.

“माझ्या डोळ्यास इजा झाली,” दुभाष्या म्हणाला. “हा ग्रह निर्जन आहे आणि घातकही आहे. उद्या अखेरची एक दृष्टी टाकीन व प्रस्थान करीन.”

रत्नाक्का मटकन खाली बसल्या. “पावण्याचा डोळा दुखवला की गं आपण,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच दिवे उतरवायला उठल्या.

सकाळी भैरवीपुढची भाकरी तशीच पडून होती. ती आत्याचा फोन घेऊन पहिलंच चित्र मोठं करून करून बघत होती. एकदा मोकळ्या मातीवर बघे, एकदा वस्तादांच्या मिशांवर. आणि बघता बघता तिला एक नवीनच गोष्ट दिसली. चित्रातून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, एक पिवळा दोरा गेला होता. चौगुल्यांच्या दारातून निघून, टाकीला वळसा घालून थेट कट्ट्यापर्यंत. दोरा सरळ नव्हता, ठराविक अंतरानं वर-खाली होत होता. आणि टाकीपाशी त्याला एक ठळक गाठ होती.

“आत्या, हे काय आहे?”

“तूच सांग. तिथून कोण गेलं होतं?”

भैरवी आठवू लागली. पावण्याचा डोळा उघडला आणि तिच्या ध्यानात आलं होतं की लाठी घरीच राहिली. ती धावत घरी गेली, लाठी घेतली, कंदील घेतला आणि तशीच धावत परत आली. टाकीपाशी चप्पल निसटली म्हणून जरा थांबली होती...

“मीच!” ती किंचाळली. “हा माझा कंदील आहे! हे वर-खाली म्हणजे माझी पावलं. आणि ही गाठ म्हणजे चप्पल! पण मग कंदील दिसतो आणि मी का दिसत नाही?”

“आता विचारलास बघ खरा प्रश्न,” आत्या म्हणाली. “चल तालमीत. तिथल्याएवढा अंधार दिवसा दुसरीकडं मिळायचा नाही.”

तालीम म्हणजे कुस्तीची आणि मर्दानी खेळांची शाळा. जाड भिंती, एकच बुटकं दार, खिडकीचं नाव नाही. आत लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवलेली. दार लावलं की फक्त वास राहतो. आत्यानं एक जुना कॅमेरा तिवईवर (तीन पायांच्या स्टँडवर) घट्ट बसवला, म्हणजे तो स्वतः हलायला नको. मग वस्तादांना समोर मातीच्या कडेला बसवलं आणि कोपऱ्यात एक पणती लावली.

“नीट ऐक. कॅमेऱ्यात भिंगामागं एक झडप असते, तिला शटर म्हणतात. झडप उघडली की उजेड आत येतो आणि आतल्या पाटीवर साठतो. आता मी झडप पापणी लवण्याएवढाच वेळ उघडते.” खट्! चित्र आलं ते काळंकुट्ट.

“काहीच नाही,” भैरवी म्हणाली.

“कारण उजेड थोडा आणि वेळही थोडा. आता तू सांग, नळाला करंगळीएवढी धार आहे आणि घागर भरायची आहे. काय करशील?”

“घागर जास्त वेळ नळाखाली ठेवीन.”

“बरोबर. म्हणजे उजेड थोडा असला तरी चालतो, फक्त त्याला वेळ द्यायचा. झडप उघडी राहते त्या वेळाला उघडीप म्हणू या.” या वेळी आत्यानं झडप उघडी ठेवली आणि तीस आकडे मोजले. चित्र आलं. एका पणतीच्या उजेडात सगळी तालीम उमटली होती. भिंतीवरचे मुद्गल, मातीवरचे पायांचे ठसे, वस्तादांच्या मिशा, सगळं काही.

“आणि हीच घागर जर धरणाच्या दारापुढं धरली तर?”

भैरवी हसली. मग तिचं हसू मावळलं. “काल रात्री अक्कांनी तेच केलं.”

“तेच. पावण्याचा डोळा म्हणजे लांब उघडिपीचा कॅमेरा आहे. त्याची एक दृष्टी शंभर आकडे मोजून होईपर्यंत चालते. त्याचा सूर्य तांबूस आणि मंद आहे, तिथं भर दुपारी आपल्या दिवेलागणीएवढा उजेड असतो. मग सावकाश बघितल्याशिवाय भागेल कसं? आणि तिथले प्राणीही असेच, एक पाय उचलायला रात्र घालवणारे. त्यामुळं सावकाश बघून कुणाचं काही बिघडत नाही. आता तू कॅमेऱ्यापुढून इकडून तिकडं चालत राहा.”

भैरवी चालत राहिली. चित्रात वस्ताद होते, भिंत होती, भैरवी नव्हती. जवळून बघितलं तर मातीवर धुराचा पुसट पट्टा होता, बस.

“तू एका जागी किती वेळ होतीस? चिमूटभर. तेवढ्यात तुझा चिमूटभर उजेड पाटीवर पडला. बाकीचा सगळा वेळ त्याच जागी मागच्या भिंतीचा उजेड पडत राहिला. मग कोण जिंकणार?”

“भिंत,” भैरवी हळू आवाजात म्हणाली.

“आता हा कंदील घेऊन चाल. दिव्याचा उजेड एवढा जोरदार, की चिमूटभर वेळातही त्याची खूण राहते. तू पुसली जातेस, दिवा रेघ ओढत जातो. थांबलीस की तिथं जास्त उजेड साठतो, म्हणून गाठ.”

भैरवीनं अंधारात कंदिलानं हवेत एक भला मोठा मासा काढला. चित्रात मासा पोहत होता आणि काढणारीचा पत्ता नव्हता. ती टाळ्या पिटत सुटली. “मग सोपं आहे! आज सगळ्यांनी गपचूप उभं राहायचं. वस्तादांसारखं. की आलो आपण चित्रात!”

आणि पुढच्याच क्षणी ती थबकली. “नाही आत्या, नाही चालणार. वस्तादांना तो पुतळा म्हणाला. सगळं गाव पुतळ्यासारखं उभं राहिलं, तर पावणं म्हणेल, आज पुतळे जास्त निघाले!”

आत्या तिच्याकडं बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई, पण हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. “खरं आहे गं. उभं राहिलो तर आपण कसे दिसतो ते कळेल. पण आपण जिवंत आहोत, हे कसं कळायचं?”

“हलायचं तर दिसायचं न्हाई, आणि दिसायचं तर हलायचं न्हाई,” वस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले. “हे तर भलतंच त्रांगडं झालं.”

मग आत्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “तसा आपला डोळाही थोडा वेळ उजेड धरून ठेवतोच. समोरची गोष्ट सरकली तरी ती क्षणभर डोळ्यात राहते. त्याला दृष्टिसातत्य म्हणतात. म्हणून तर एखादी पेटती गोष्ट गरगर फिरवली की...”

“बनाटी!” भैरवी आणि वस्ताद एकदम ओरडले.

बनाटी तुम्ही बघितली नसेल तर सांगतो. लांब काठीच्या दोन्ही टोकांना तेलात भिजवलेले चिंध्यांचे बोळे बांधतात, पेटवतात आणि काठी अशी फिरवतात, की बघणाऱ्याला आगीचं अखंड कडंच दिसतं. या मुलखातल्या तालमींचा हा जुना मर्दानी खेळ.

“पण आगीनं त्याचा डोळा परत दुखेल का?” भैरवीनं विचारलं.

“नाही. कालचे दिवे एकाच जागी जळत होते आणि थेट त्याच्या डोळ्यात होते. बनाटीची ज्योत कुठंच थांबत नाही. तिचा उजेड सगळ्या कड्यावर वाटला जातो. आणि उरलेल्या गावासाठी आकाशातला उरलासुरला उजेड, चांदण्या आणि पायरीपायरीवर एकेक पणती. आहे तो उजेड पुरे. आग आपोआप कडं काढत नाही, हे पावण्यालाही कळत असणारच. प्रश्न एकच, फिरवणार कोण?”

प्रश्न कसला! वस्तादांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता. त्यांच्यानंतर पेटती बनाटी फिरवणारी तालमीत भैरवीच होती. ती काठी घ्यायला उठली आणि परत बसली. बनाटी फिरवायची म्हणजे शंभर आकडे अखंड हलत राहायचं. सगळं गाव चित्रात येणार, शेजारची ठमी येणार, लंगडं कुत्रं येणार, आणि पावण्यानं बघावं म्हणून तीन महिने झुरलेली भैरवी तेवढी पुसली जाणार. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

वस्तादांनी ते बघितलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि फिरवायला गेले. दुसऱ्याच फेऱ्याला त्यांच्या तोंडून “आई गं” निघालं.

भैरवीनं जाऊन काठी काढून घेतली. “ठेवा वस्ताद. तुम्ही उभं राहायचं, आणि खुर्चीपासून लांब. पुतळ्यानं जागा बदलली, हे पावण्याला दिसायला नको? फिरवते मी.” तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. चांगलं सपाटून वाईट वाटत होतं. पण पावणं ‘इथं कुणी नाही’ म्हणून निघून गेलं, तर ते दुःख याहून मोठं होतं.

दिवस बुडाला. मैदानाचे दिवे उतरवून ठेवले होते. देवळाच्या पायऱ्यांवर गाव ओळीनं उभं राहिलं, रत्नाक्का पुढे, कडेवर धाकटा नातू. “शिंक आली तर गिळायची,” त्यांनी फर्मान काढलं. वस्ताद टाकीपाशी छाती काढून उभे होते. मोकळ्या मातीवर भैरवी एकटी; बाजूला पाण्यात भिजवलेली पोती घेऊन तालमीतले दोघे.

आभाळातली लाली विझली आणि पापणी हलली.

“पेटवा,” भैरवी म्हणाली.

भक्कन दोन्ही बोळे पेटले. काठी हलली, वळली आणि फिरू लागली. आत्या हलक्या आवाजात आकडे मोजू लागली. दहा. वीस. बनाटी घूं घूं करत भैरवीच्या पुढं गरगरत होती. चाळीस. मनगटं भरून आली. साठाच्या आसपास वाऱ्याचा झोत आला आणि एका टोकाचा बोळा फस्सकन विझला! पायऱ्यांवरच्या गावाचा श्वास अडकला, पण हलायची सोय कुणाला? मग भैरवीला तालमीत एका कंदिलानं काढलेला मासा आठवला. कडं एका ज्योतीनंही निघतं! दोन काय आणि एक काय, वाट तीच. तिनं दात आवळून वेग वाढवला. ऐंशी. नव्वद. घाम डोळ्यात उतरला, खांद्यांची आग आग झाली. “शंभर!” आत्या ओरडली आणि भैरवी काठी टाकून मातीत बसली.

पापणी मिटली. सगळं गाव धावत शाळेत. पडदा बराच वेळ काळाच राहिला, आणि मग चित्र उमटलं.

अहाहा! गाव, सगळंच्या सगळं गाव! पणत्यांच्या उजेडात तांबूस झालेले चेहरे, लुगड्यांचे काठ, ठमीच्या पुढच्या दाताची फट. रत्नाक्कांचा नातू तेवढा हलला होता, त्याच्या खांद्यावर डोक्याऐवजी मूठभर धुकं होतं. वर चांदण्यांच्या बारीक रेघोट्या झाल्या होत्या, कारण तेवढ्या वेळात पृथ्वीही जराशी फिरली होती. आणि या सगळ्यापुढं, मातीपासून देवळाच्या पायऱ्यांएवढं उंच, अखंड, सोनेरी आगीचं कडं. ते कुठंही तुटलेलं नव्हतं. कड्याच्या मधोमध कुणीच नव्हतं.

दुभाष्या बोलू लागला. “पुतळ्याने आपली जागा बदलली आहे. पुतळे जागा बदलत नाहीत. अग्नीने वर्तुळ काढले आहे. अग्नी आपण होऊन वर्तुळ काढत नाही. वर्तुळाच्या मध्ये कोणीही दिसत नाही. अर्थात तेथे कोणीतरी निश्चित आहे, आणि ते माझ्या डोळ्यापेक्षा जलद आहे.” पेटी पुढं म्हणाली, “मी चुकलो होतो. तुम्ही आहात. नकाशात ‘वस्ती आहे’ अशी नोंद केली. प्रस्थान रद्द. माझ्यामागून आणखी लोक निघतील.”

मग जो काही गलका उडाला, तो सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत! फेटे उडाले. रत्नाक्कांनी आधी आत्याला, मग भैरवीला, मग चुकून वस्तादांनाही मिठी मारली. कुणीतरी हलगी काढली. आणखी लोक निघतील, म्हणजे त्यांचा वेग बघता भैरवीच्या नातवंडांच्या वेळेपर्यंत पोचतील, असं आत्यानं बोटांवर मोजून सांगितलं. पण ते ऐकायला जागेवर होतं कोण? सगळी वरात कंदील नाचवत माळावर पावण्याकडं निघाली.

तेवढ्यात आत्याच्या काखेतला दुभाष्या परत बोलला. “जे मला दिसले नाही, त्यास पाहण्याची इच्छा आहे. डोळा थकला आहे, तरी आज आणखी एक दृष्टी टाकीन. ते माझ्यासाठी थांबेल काय?”

भैरवीचं तोंड उघडंच राहिलं. “मी?”

“तूच. पण थांबशील का?” आत्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. या पोरीच्या अंगात वारं भरलेलं, जेवताना पाय हलवणारी, वर्गात बाकावर उड्या मारणारी. आयुष्यात कधी दहा आकडेसुद्धा ती एका जागी थांबली नव्हती.

“थांबते,” भैरवी म्हणाली.

ती पावण्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना मातीत एकेक पणती ठेवली. मागं हलगी कडाडत होती, गाव बेभान नाचत होतं. कुणीतरी त्यांना गप्प करायला निघालं, तर आत्या म्हणाली, “नाचू देत.”

परातीएवढा डोळा उघडला. तो काळा होता, खोल होता, आणि त्यात पणत्यांचे दोन ठिपके होते. भैरवीच्या तळपायाला मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली, दुखऱ्या खांद्यावर डास बसला. ती हलली नाही. तिला वाटलं, आजवर आपल्याकडं इतका वेळ, इतकं मन लावून कुणीच बघितलं नसेल. मग तर तिला हलावंसंच वाटेना.

शंभर झाले. चित्र आलं, ते आत्यानं फोनवर तिथंच उघडलं. माळ रिकामा होता. देऊळ, टाकी, चांदण्या, आणि नुसत्या कंदिलांच्या असंख्य पिवळ्या वेलांट्या, एकमेकींत गुंतलेल्या. पूर्ण चित्रात माणूस असा एकच. काजळीनं माखलेलं नाक, विस्कटलेली वेणी, आणि कितीही आवरलं तरी न आवरलेलं हसू. भैरवी स्वतःकडं बघतच राहिली.

दुभाष्या हळू आवाजात म्हणाला, “आता तू दिसलीस. तुझ्या मागचे सर्व जण मात्र दिसेनासे झाले आहेत. परवा मी म्हणालो असतो, ते निघून गेले. आज मला कळते, ते नाचत आहेत.”